सातापैकी पाच घरटी

प्रिय दादा,

सुखरूप पोचल्याचा फोन केलास, तो शेवटचा. त्याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात मी चार वेळा लावला. दोनदा तू गडबडीत होतास, एकदा रेंज नव्हती, आणि एकदा वहिनीने उचलून सांगितलं की तू आंघोळीला गेलायस. दुपारी अडीच वाजता. असो. पत्राला रेंज लागत नाही आणि ते आंघोळीलाही जात नाही, म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलेय. समोर एका जीपची सीट उसवून पडलीय, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, आणि मशीनवर माझं लक्ष लागत नाहीये.

बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, पेपर वाचतात, मला चहात साखर जास्त पडली म्हणून बोलतात. फक्त त्यांनी खुर्ची फिरवून घेतलीय. टेकडीकडच्या खिडकीपाशी बसायचे ना, ते आता रस्त्याकडे तोंड करून बसतात. विचारलं तर म्हणाले, तिकडून ऊन येतं. ती खिडकी उत्तरेची आहे, दादा.

आता मी तुला पहिल्यापासून सगळं सांगणार आहे. तू म्हणशील, हे मला माहीत आहे, मला काय सांगतेस. पण तुला नेमकं किती माहीत आहे याबद्दल हल्ली मला शंका यायला लागलीय. त्यामुळे सांगतेच.

पाच वर्षांपूर्वी तो नवा नकाशा आला तेव्हा तू इथे नव्हतास. वनखात्याच्या कचेरीच्या भिंतीवर लावला होता, तीन रंगांचा. जुनी दगडाची खाण हिरवी, म्हणजे तिथे बारा महिने गाडी चालवा. उतारावरच्या पायवाटा पिवळ्या, म्हणजे आखलेल्या मार्गावरून आणि ठरलेल्या महिन्यांतच. आणि टेकडीवरचा अख्खा माळ लाल. लाल म्हणजे कुठलंही इंजिन नाही. कारण काय, तर उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालणारा धाविक पक्षी तिथे उरलाय आणि आपल्या गाड्यांच्या चाकोऱ्यांनी त्याची जागा खाल्लीय. गाड्यांच्या क्लबातले सगळे उसळले. बाबा तर सगळ्यांत जास्त. ज्या माळावर त्यांनी स्वतः पहार घेऊन वाटा काढल्या, वीस वर्षं शर्यती भरवल्या, आपल्या दोघांना टाकीवर बसवून फिरवलं, तो माळ एका पोरीने रंगाच्या पेन्सिलीने काढून घेतला असं ते म्हणायचे. ती पोरगी म्हणजे त्या कचेरीतल्या आपल्या नकाशेबाई. बाबांनी अकरा पानी हरकत लिहिली. बाईंनी ती अकराही पानं वाचली, पोच दिली आणि लाल रंग लालच ठेवला.

मग दुसऱ्या वर्षी बाबा पडले. जन्मभर माळावर गाडी चालवून कधी खरचटलं नाही, आणि पडले ते घरातल्या माळ्यावरून, जुना वेल्डिंगचा मुखवटा काढताना. कमरेखाली सगळं संपलं. तू आलास, आठ दिवस राहिलास, दवाखान्यात त्यांचे पाय चोळलेस, ते मी विसरले नाही. पण तू गेल्यावरचे दोन हिवाळे तू पाहिले नाहीस. ते बोलायचेच बंद झाले होते. त्या दिवसांत कोण आलं असेल घरी, तर नकाशेबाई. हातात फॉर्म. म्हणाल्या, नियमातच एक कलम आहे, ज्याला चालता येत नाही त्याला अभ्यासाच्या किंवा देखरेखीच्या कामासाठी ठरलेल्या एका मार्गावरून, आठवड्यातून एकदा, सावकाश गाडी नेता येते. तुम्हाला माळाचा दगड न् दगड माहीत आहे, तुम्ही आमच्यासाठी घरटी मोजाल का? बाबा त्यांना म्हणाले, "तुमच्या त्या पळपुट्यांनी माझा माळ घेतला, आता त्यांची हजेरी पण मीच घेऊ?" बाई हसल्या आणि फॉर्म टेबलावर ठेवून गेल्या. तीन दिवस तो फॉर्म तिथेच पडला होता. चौथ्या दिवशी बाबांनी मला पेन मागितलं.

घोडी त्यांनी स्वतः तयार केली. मीही मदतीला होते. घोडी म्हणजे क्लबाच्या शेडमधे गंजत पडलेली ती चार चाकांची उघडी गाडी. तिला हाताचा ब्रेक जोडला, कमरेला पट्टा, मी पाठीला टेकण शिवून दिलं. पायाचा ब्रेक काढता येत नव्हता, म्हणून निर्जीव पाय त्यात अडकू नये यासाठी तो तारेने वर बांधून टाकला. ही तार लक्षात ठेव. आणि पहिल्या गुरुवारी ते माळावरून परत आले तेव्हा चेहऱ्यावर धूळ होती आणि तोंड चालू होतं, थांबतच नव्हतं. पळपुटे कसे उडायच्या ऐवजी धावतात, धावता धावता कसे मधेच ताठ उभे राहतात, मादी बसलेली असली तर चार हातांवरून दिसत नाही. तेव्हापासून त्यांची ती निळ्या पुठ्ठ्याची वही. तारीख, कुठल्या दगडापासून किती पावलं, किती अंडी. पावलं हा शब्द ते लिहायचे आणि स्वतःशीच हसायचे.

या उन्हाळ्यात तू दहा दिवस आलास. किती बरं वाटलं होतं आम्हाला! बाबांनी पहिल्याच संध्याकाळी तुला वही काढून दाखवली. पाच घरटी होती तोवर. तू एकेक पान नीट बघत होतास, हा कुठला दगड, तो कुठला उतार विचारत होतास. मी स्वयंपाकघरातून पाहत होते आणि मनात म्हटलं, चला, दादाला यात गोडी वाटायला लागली. त्याच जेवणाच्या वेळी तू विचारलंस, लाल रंग कधी उठतो की नाही? बाबांनी सांगितलं की सलग तीन हंगाम एकही पिल्लू निघालं नाही, तर त्या जागेचा पुन्हा विचार होतो. तू "अच्छा" म्हणालास आणि डाळ वाढून घेतलीस.

गुरुवारी बाबा माळावर जाऊन आले आणि अजून दोन घरटी सापडल्याचं सांगितलं. तू तेव्हा क्लबातल्या दोस्तांबरोबर बाहेर होतास. कचेरीला नक्कल द्यायची म्हणून वही मी त्याच संध्याकाळी माझ्या घरी आणली आणि बाबांनी सांगितलेली दोन नवी घरटी माझ्या अक्षरात लिहिली. शनिवारी सूर्य कलताना नकाशेबाईंनी लांबून दुर्बिणीने पाहिलं, सगळ्या माद्या बसलेल्या होत्या. रविवारी सकाळी साडेनऊच्या बसने तू गेलास. आणि सोमवारी दुपारी बाई बाबांच्या दारात उभ्या होत्या, बुटांना माती, चेहरा पांढरा. पाच घरटी चिरडलेली. चाकाचा माग एका घरट्यावरून थेट दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. भटकलेल्या गाडीचा माग तसा नसतो. कोणीतरी यादी हातात घेऊन गेल्यासारखा तो होता. आणि माग घोडीच्या टायरचा होता. तेवढ्या रुंदीचं टायर गावात दुसरं नाही.

मी तिथेच होते. बाबांनी एक क्षणही घेतला नाही. "मीच होतो," म्हणाले. "रविवारी गेलो. हात आखडला, गाडी आवरली नाही." बाई म्हणाल्या, पाच वेळा? बाबा म्हणाले, "पाच वेळा." बाईंनी पिशवीतून कागद काढला. मग म्हणाल्या, मला हे लिहून घ्यावं लागेल. बाबा म्हणाले, घ्या.

त्या दिवसापासून दादा, मी सगळ्यांवर संशय घेतला. बाबा खोटं बोलतायत हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. घोडीवर ताडपत्री टाकायला गेले तर पायाच्या ब्रेकची तार नवी कोरी होती. चकचकीत, आणि गाठ ढिली, जशी बसल्या जागेवरून वाकून हात पोचवत बांधलेली. जुनी गंजकी तार पक्कडीने कापलेली खाली पडली होती. म्हणजे घोडीवर असं कोणीतरी बसलं होतं ज्याला पायाचा ब्रेक लागतो. ज्याचे पाय चालतात. आणि बाबांना ते कळलं होतं, आणि बाई यायच्या आधी त्यांनी ते झाकलं होतं.

पहिला संशय क्लबातल्या मेकॅनिकवर, आपल्या पान्ह्यावर. लाल रंग आल्यापासून सगळ्यांत जास्त आरडाओरडा त्याचा. मी त्याच्या गॅरेजात जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "ताई, मला राग आहे तो आहेच. पण घोडीची किल्ली तुमच्या बाबांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते, आणि कुठल्या दगडामागे अंडी आहेत हे त्या वहीत असतं. मी त्या घरात शेवटचा कधी आलो ते आठवा." मला आठवलं. दोन वर्षं झाली होती. मान खाली घालून परत आले.

मग माझ्या डोक्यात जे शिरलं ते तुला लिहायलाही लाज वाटते. किल्ली कुठे असते हे कोणाला माहीत? वही गुरुवारपासून कोणाच्या घरात होती? आमचे हे, तुझे मेहुणे, रविवारी आणि सोमवारी दोन्ही दिवशी उजाडायच्या आत बाहेर पडले होते आणि कुठे गेलात विचारल्यावर "असंच" म्हणाले होते. चष्म्याच्या दुकानात सकाळी सहाला कोण गिऱ्हाईक येतं? मी त्यांचे बूट उलटे करून पाहिले. शर्टाचे खिसे पाहिले. दोन आठवडे एका ताटात जेवून त्यांच्याशी धड बोलले नाही. शेवटी एका सकाळी मागोमाग गेले. माणूस पोहण्याच्या तलावावर गेला, दादा! बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकतोय, कमरेला लहान पोरांचा फुगा बांधून, आणि बायको हसेल म्हणून सांगत नाही. मी जाळीबाहेर उभी राहून रडले. त्यांनी मला पाहिलं आणि घाबरून दोन घोट पाणी प्यायले. संध्याकाळी सगळं सांगितल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्यावर घेतलास तो घेतलास. पण ज्याच्यावर घ्यायचा नाही असं तू ठरवून ठेवलंयस, त्याचं काय?" मी विचारलं, कोण? ते काच पुसत राहिले.

मागच्या बुधवारी कचेरीतून सुनावणीचे कागद आले. त्यात बाईंनी काढलेला माळाचा नकाशा होता, चिरडलेल्या घरट्यांवर फुल्या. मी वही शेजारी उघडून ठेवली आणि एकेक ताडून पाहिलं. पाचही फुल्या बाबांच्या अक्षरातल्या पाच नोंदींवर. माझ्या अक्षरातली दोन घरटी शाबूत होती. आणि त्यातलं एक तर, दादा, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुलीच्या वाटेवर जेमतेम दहा हातांवर होतं. गाडी त्याच्या बाजूने निघून गेली. नेणाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. ह्यांनी केलं असतं, किंवा मी, किंवा बाबांनी, तर सातही गेली असती. वही ज्याने पाहिली, पण गुरुवारच्या आधीच पाहिली, असा माणूस एकच.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. रविवारी मी निरोप द्यायला आले तेव्हा तुझे केस ओले होते आणि बॅग भरून दारात होती, जो तू बस हलल्यावर धावतोस. मी विचारलं, सकाळी सकाळी कुठे गेला होतास, तर म्हणालास, खाणीत एक चक्कर. बाबांचा हात धरून म्हणालास, "तुमचा माळ तुम्हाला परत मिळवून देतो की नाही बघा." आम्हाला वाटलं, अर्ज वगैरे करणार असशील. क्लबातल्या तुझ्या दोस्ताने परवा पान्ह्याला सांगितलं की तू त्यांना तीन वर्षांत शर्यत परत आणतो असा शब्द दिला होतास, आणि पहिली सहल तुझ्या त्या गाड्यांच्या सहली काढणाऱ्या कंपनीची असणार होती. मी हे सगळं लिहिताना अजूनही वाट बघतेय की कुठेतरी माझं चुकलेलं सापडेल. पाच आठवड्यांत तू फोनवर एकदा नीट बोलला असतास तर कदाचित सापडलंही असतं.

काल मी बाबांसमोर नकाशा आणि वही ठेवली. त्यांनी पाहिलं आणि वही मिटली. मग म्हणाले, "पहाटे घोडीचा आवाज ऐकला मी. वाटलं, पोरगा खाणीत घेऊन चाललाय. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! परत झोपलो." आणि नंतर, "त्याला माळ मी शिकवला. पळपुटे शिकवायचे राहिले. म्हणजे चूक कोणाची?" मी म्हटलं, त्याची. त्यावर ते माझ्यावर खेकसले, पडल्यापासून पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने. म्हणाले, त्याला यातलं एक अक्षर कळवायचं नाही, त्याचं तिकडे नाव आहे, बायको आहे, माझं काय राहिलंय आता. मी त्यांना होकारही दिला नाही आणि नकारही.

त्यांचं काय राहिलं होतं ते मला माहीत आहे. आठवड्याचा एक गुरुवार राहिला होता. तोही आता नाही, परवाना स्थगित आहे. क्लबानेही त्यांना सोडलं, कारण नियम असा आहे की लाल पट्ट्यात मुद्दाम मोडतोड झाली तर शेजारच्या हिरव्याचाही फेरविचार होतो, आणि खाण बंद पडली तर गावातल्या कोणालाच गाडी चालवायला जागा उरत नाही. ज्या क्लबाची पहिली पाटी बाबांनी रंगवली, तिथली माणसं त्यांना बघून रस्ता बदलतात. रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाला ते सगळं दिसतं. एकट्या नकाशेबाई येतात. परवा आल्या आणि म्हणाल्या, राहिलेल्या दोन घरट्यांत पाच पिल्लं निघाली, धावायलाही लागली. बाबांनी विचारलं, "मान कशी धरतात? ताठ?" बाईंनी उभं राहून, मान ताठ करून दाखवलं, भर हॉलमधे. बाबा हसले, आणि मग त्यांनी मला चष्मा पुसायला दिला, जो पुरेसा स्वच्छ होता.

म्हणजे ज्यासाठी तू हे केलंस, तेही झालं नाही. पिल्लं निघाली, लाल रंग लालच राहिला, तुझी तीन वर्षं सुरूच झाली नाहीत.

सुनावणी येत्या मंगळवारी अकरा वाजता आहे. बाबांनी कबुली कायम ठेवली तर परवाना कायमचा जाईल आणि आपल्या बापाचं नाव कचेरीच्या फाइलीत घरटी चिरडणारा माणूस म्हणून राहील. नकाशेबाईंना मी विचारलं, कोणाचंही नाव न घेता. खऱ्या माणसाने स्वतः येऊन किंवा सही करून लेखी सांगितलं, तर बाबांवरचं सगळं निघतं, त्यांचा गुरुवार परत मिळतो, आणि दोष त्या एकट्यावर राहतो म्हणून खाणही वाचते. त्या माणसाला काय होईल ते त्या लपवत नाहीत, त्याला या माळावर पुन्हा कधी गाडी नेता येणार नाही. सोबत तो कोरा फॉर्म ठेवलाय. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारची बस आहे, रविवारचीही आहे. यातलं काहीच झालं नाही, तर मंगळवारी मी वही घेऊन उभी राहीन आणि सगळं सांगेन, आणि बाबा माझ्या शेजारीच खुर्चीत बसलेले असतील. त्यांना ते माझ्या तोंडून, चारचौघांत ऐकावं लागू नये, तुझ्याकडून ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

अजून तरी तुझीच,
छोटी